लेहरा धरणारे हात

तबल्याच्या एकल वादनाला पेटीवर लेहरा धरण्याचे काम ज्याने केले आहे, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आपल्याला कुणीही ऐकत नसते. सोळा मात्रांची एक लहानशी चाल वाजवायची आणि समेवर आले की पुन्हा पहिल्यापासून वाजवायची. अर्धा तास, पाऊण तास, तबलजी रंगात आले तर तासभर. समोर पेशकार, कायदे, रेले, चक्रदार यांची आतषबाजी चाललेली असते. रसिक हातावर ताल धरून माना डोलावत असतात. त्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन म्हणून आपण कोपऱ्यात तीच चाल, त्याच लयीत, तेवढ्याच आवाजात चालू ठेवायची. चुकलो, तर मात्र अख्ख्या सभागृहाचे डोळे एकदम पेटीकडे वळतात. सांगलीत बँकेची नोकरी सांभाळून मी हे काम चाळीस वर्षे हौसेने केले. कार्यक्रमपत्रिकेवर माझे नाव छापून आले असे प्रसंग दोन हातांच्या बोटांत मावतील. याची तक्रार नाही. कामच तसे आहे.

हे सारे आज आठवायचे कारण आमचे चिरंजीव. वय चाळिशीपार, नोकरी पुण्यात, संगणकाची. रात्री बायको-मुले झोपली की हा गृहस्थ कानाला हेडफोन लावून सिंथेसायझरवर संगीत रचत बसतो, आणि तेही कसले, तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेममध्ये वाजत असे त्या धर्तीचे. त्याच्या एका मित्राने फावल्या वेळात एक छोटा खेळ तयार केला आहे, त्याचे संगीत याच्याकडे आहे. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा फराळाचे ताट बाजूला सारून त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाला, "बाबा, जरा ऐका. चाल बरी आहे, पण कुठंतरी खटकतंय. कुठं ते कळत नाही."

मी ऐकले. चाल संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. तिसऱ्या फेरीला म्हटले, "तुझी सम अचानक येते रे. चौदाव्या मात्रेपासून तिची चाहूल लागायला हवी. तू थेट दारात नेऊन उभं करतोस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने हळूच विचारले, "तुम्हाला आठवतं, त्या सुट्टीत तुम्ही टीव्हीचा आवाज बंद करायला लावला होता ते?"

आठवत होते. १९९४ची उन्हाळ्याची सुट्टी. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र भाड्याने मिळायचे. मूळ जपानी यंत्राची नक्कलच ती. खेळाच्या चपट्या डबीला मुले 'कॅसेट' म्हणत. ती चालली नाही की तिच्यात फुंकर मारत, आणि खेळ अगदी रंगात आला की लाइट जात असे. त्या यंत्रातून दिवसभर एक पिपाणीसारखा आवाज यायचा. मी बँकेतून येऊन पेटी उघडली की भिंतीपलीकडून तो सुरू. एके दिवशी वैतागून ओरडलो, "खेळायचं तर मुकाट्यानं खेळ, पण आधी ते केकाटणं बंद कर!" बिचाऱ्याने आवाजाचे बटण शून्यावर नेले आणि उरलेली सुट्टी तो मुका खेळ खेळला. त्या 'केकाटण्याला' कुणी रचनाकार असेल, त्याने त्यासाठी रात्री जागवल्या असतील, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. आणि मी स्वतःला संगीतातला माणूस समजत होतो.

दिवाळीनंतर मी मुलाकडून एकेक गोष्ट समजून घेतली. तो सांगत गेला, मी ऐकत गेलो. त्यातले काही वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण माझ्यासारखे आवाज बंद करणारे आईबाप त्या काळी घरोघर होते.

त्या जपानी यंत्राचे नाव फॅमिकॉम. निन्टेंडो कंपनीने ते १९८३ साली बाजारात आणले. त्यातल्या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाटा होत्या, पाचच. दोन वाटांवर चौकोनी लहर, म्हणजे आवाज एकदम वर, एकदम खाली, मध्ये उतार नाही. ती किती वेळ वर राहायची आणि किती वेळ खाली, याचे प्रमाण बदलले की तिचा पोत बदलतो. वरचा वेळ अगदी थोडा ठेवला तर आवाज सनईसारखा नाकातला येतो, निम्मा-निम्मा ठेवला तर पोकळ, भरदार होतो. तिसरी वाट त्रिकोणी लहरीची, मऊ, बासरीच्या खालच्या सप्तकाच्या जवळ जाणारी. ती खर्जासाठी वापरत. गंमत अशी की तिला लहान-मोठा आवाजच नव्हता, एक तर वाजायचे नाहीतर गप्प बसायचे. चौथी वाट नुसती खरखर. तिचे तुकडे पाडून ढोल, झांजा, टाळ्या असे सगळे भासवायचे. पाचवीवर एखादा ध्वनिमुद्रित तुकडा वाजवता येई, तोही जाडाभरडा. शिवाय खेळणाऱ्याने उडी मारली की त्या उडीचा आवाज याच पाचांतली एक वाट तेवढ्यापुरती हिसकावून घ्यायचा. भर मैफलीत कुणी येऊन काळी चारची पट्टी दाबून धरावी आणि आपण पुढे वाजवत राहावे, तसे.

आता एवढ्या सामग्रीत रचनाकाराने करायचे काय? मुलाने मला एक युक्ती ऐकवली आणि मी हसू लागलो. पहिल्या वाटेवर चाल वाजवायची आणि तीच चाल दुसऱ्या वाटेवर किंचित उशिरा, किंचित हळू वाजवायची. मोठ्या दालनात गाणे चालले आहे असा भास होतो. मी म्हटले, "अरे, ही तर साथ झाली! गवय्याच्या मागून अर्धी मात्रा अंतर ठेवून पेटी जाते, ती दुसरं काय करते?" दुसरी युक्ती युरोपातली. कमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ साली आला. त्यात बॉब यानेस या अमेरिकी अभियंत्याने घडवलेली आवाजाची चिप होती, पण वाटा तीनच. पाश्चात्त्य संगीताला तर एका वेळी तीन-तीन स्वर वाजवणारे कॉर्ड हवेत. ते वाजवले की तिन्ही वाटा संपल्या, चाल कुठे ठेवायची? रॉब हबर्ड, मार्टिन गॅल्वे वगैरे मंडळी एकाच वाटेवर ते तीन स्वर एकामागून एक इतक्या वेगाने, सेकंदाला पन्नास वेळा बदलून वाजवत की कानाला ते एकत्रच वाटत, फक्त त्यांना एक चमचमती थरथर येई. स्वरमंडळावरून झर्रकन बोटे फिरवली की काय होते, ते आठवा. आज त्या काळच्या खेळांची आठवण द्यायची असेल तर ही थरथर हटकून वापरतात. ती मुळात शोभेसाठी नव्हतीच, अडचणीतून काढलेली वाट होती.

पण युक्त्या म्हणजे संगीत नव्हे. पाच आवाजांत झाकायला काही नसते. भरगच्च वाद्यवृंद असला की सामान्य चालसुद्धा त्याच्या गर्दीत खपून जाते. आमच्या भावगीतांच्या जमान्यातही असे पुष्कळ खपले आहे. चार पिपाण्यांच्या सोबतीला चाल उघडी पडते. म्हणून त्या काळातल्या चांगल्या रचनाकारांची सारी भिस्त चालीवर होती, आणि माझ्या मते त्या चाली आजवर टिकल्या त्याचे निम्मे श्रेय त्या दरिद्री चिपला आहे.

कोजी कोंदो यांचेच पाहा. नागोया शहरातला जन्म, साल १९६१. १९८४ साली ते निन्टेंडोत लागले आणि १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चे संगीत त्यांनी केले. तो सगळा खेळ, म्हणजे चित्रे, नियम आणि संगीत मिळून, चाळीस किलोबाइटचा आहे. आज मोबाइलवर काढलेला नातवाचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो. कोंदो यांनी सुरुवातीला केलेली चाल संथ होती. पुढे पडद्यावरचा मारिओ धावताना, उड्या मारताना पाहिला तेव्हा ती त्याच्या अंगाला बसेना. त्यांनी ती टाकून दिली आणि त्या धावण्या-उडण्याच्या लयीतून नवी चाल केली. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कथकच्या नर्तकीचे पाय न पाहता लेहरा धरता येत नाही, तसेच हे. मारिओ पाण्यात शिरला की चाल तीन-तीनच्या वजनाची होते, आपल्या दादऱ्यासारखी डुलत जाते. खेळाची वेळ संपत आली, घड्याळ शंभराच्या खाली उतरले, की तीच चाल द्रुत लयीत पडते आणि खेळणाऱ्याच्या तळहाताला घाम फुटतो.

लयीचा हा खेळ त्याच्याही आधीचा. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये संगीत म्हणून खाली उतरत जाणारे चारच जड स्वर होते. आकाशातून उतरणारे शत्रू जसजसे कमी होत, तसतशी त्या चार स्वरांची लय चढत जाई. चार स्वर आणि वाढती लय, बस्स. विलंबितातून द्रुताकडे जाताना श्रोता पुढे सरकून बसतो हे आपल्या गवय्यांना कधीपासून ठाऊक आहे. ते कुणा जपानी अभियंत्याने चार स्वरांत गाठावे याचे मला कौतुक वाटते.

आता खरा अवघड भाग. सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती सेकंदांचा आहे हे माहीत असते. खेळाच्या संगीतकाराला ते कधीच माहीत नसते. एखादा पोरगा ती पायरी दोन मिनिटांत पार करेल, दुसरा तिथेच तासभर अडकून शंभर वेळा मरेल. शंभराव्या वेळीही ती चाल त्याला नकोशी होता कामा नये. म्हणजे मिनिट-दीड मिनिटाची चाल अशी बांधायची की तिचे शेपूट तिच्याच तोंडात सहज जावे. कुठे संपली आणि कुठे सुरू झाली हे कळू नये, तरी दर फेरीला सम आल्याचे समाधान मात्र मिळावे. हा तर लेहऱ्याचाच कायदा झाला! फार गोड चाल असली की चौथ्या आवर्तनाला वीट येतो, फार कोरडी असली की तबलजीच झोपतो. चाल अशी हवी की तिच्यावर भार टाकून दुसऱ्या कुणाला तरी खेळता यावे. मी चाळीस वर्षे जो प्रश्न सोडवत बसलो होतो, तोच क्योतोतला एक पंचविशीतला तरुण सोडवत होता, आणि त्याचे उत्तर माझ्याच घरात, भिंतीपलीकडे वाजत होते.

या मंडळींत सगळे तरुणच होते असेही नाही. 'ड्रॅगन क्वेस्ट' या १९८६च्या खेळाचे संगीतकार कोइची सुगियामा यांचा जन्म १९३१चा. जाहिराती, दूरचित्रवाणी, गाणी यांत त्यांचे नाव आधीच झालेले होते. त्यांनी बुद्धिबळासारख्या एका जपानी खेळाबद्दल आपला अभिप्राय पोस्टकार्डावर लिहून कंपनीला पाठवला. कार्डावरचे नाव वाचून कंपनीतल्या लोकांना खरेच वाटेना! त्यातून हा योग जुळून आला. पन्नाशी उलटलेल्या, मोठ्या वाद्यवृंदाची सवय असलेल्या या माणसाने तीन-चार आवाजांची ती पिपाणी कमीपणाची मानली नाही. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, तोक्योत हे संगीत वाद्यवृंदाने सभागृहात वाजवले. २०२१च्या तोक्यो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू मैदानात येऊ लागले तेव्हा आधी वाजली ती 'ड्रॅगन क्वेस्ट'चीच सुरावट. त्यानंतर दोनच महिन्यांनी सुगियामा वारले.

पण सुगियामांना नाव होते. ज्यांना नव्हते त्यांची गोष्ट मुलाने मला एका रात्री फोनवर सांगितली, आणि मला झोप लागली नाही. जपानी कंपन्यांत तेव्हा रीत अशी, की खेळाच्या शेवटी झळकणाऱ्या यादीत खरी नावे द्यायची नाहीत. आपली गुणी माणसे शेजारच्या कंपनीने पळवू नयेत, हे त्याचे कारण सांगतात. मग टोपणनावे यायची. 'कॅसलव्हेनिया' या १९८६च्या खेळाचे संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोन तरुणींनी केले. पुढे पडद्यावर नाव आले ते 'जेम्स बनाना'! ड्रॅक्युलाच्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या जेम्स बर्नार्ड यांच्या नावावरची ती कोटी. 'मेगा मॅन'चे १९८७ सालचे संगीत मानामी मात्सुमाए यांचे. त्यांचे नाव आले 'चानचाकोरिन मानामी'. 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ साली जगभरच्या गेम पार्लरमध्ये गाजला. त्याचे जवळजवळ सगळे संगीत योको शिमोमुरा यांनी केले, त्या झाल्या 'शिमो-पी'. जगातल्या लाखो पोरांच्या तोंडी ज्यांच्या चाली बसल्या, त्या बायकांची नावे लाडाच्या हाकेसारखी लिहिलेली. कार्यक्रमपत्रिकेत आपले नाव नसणे आणि आपल्या नावाच्या जागी विनोद छापलेला असणे, यांतला फरक मला तरी समजतो.

आपल्याकडेही असे झाले आहे, फक्त तऱ्हा वेगळी. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादन करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे हाताशी घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवले आणि त्याची तबकडी निघाली. कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१०च्या सुमारास ती युरोपात पुन्हा निघाली आणि तिकडच्या जाणकारांनी तोंडात बोट घातले, कारण पाश्चात्त्य नृत्यसंगीतात त्याच यंत्रांतून जी धाटणी पुढे काही वर्षांनी जन्मली, ती या माणसाने मुंबईत बसून आधीच वाजवून ठेवली होती. चरणजित सिंग २०१५ साली गेले. निदान त्यांना हे पाहायला मिळाले.

यंत्राच्या आवाजाला नाक मुरडण्याची आपली सवय जुनीच आहे म्हणा. माझी पेटी तरी कुठली? परदेशातून आलेली, स्वरांच्या ठरीव पायऱ्यांची, मींड न येणारी. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडले. आमच्या गुरुजींच्या पिढीने ती अवहेलना सोसली. त्यांच्या शिष्याने मात्र संधी मिळताच दुसऱ्या पेटीचा आवाज बंद करायला लावला. आणि ऑर्केस्ट्राच्या दिवसांत कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, आम्ही त्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणून उडवून लावत होतो, तेही इथेच कबूल केलेले बरे.

असो. आता पुन्हा चिरंजीवांकडे येतो. दिवाळीत ऐकवलेल्या त्या चालीची पहिली आवृत्ती त्याने मला नंतर ऐकवली. आजच्या संगणकावर वाटांना अंत नाही. याने चौतीस वाटा वापरल्या होत्या. व्हायोलिनचा ताफा, समूहगान, ढोल, आणि वरून जुन्या खेळाचा भास व्हावा म्हणून शिंपडलेली ती चौकोनी लहर. ऐकायला श्रीमंत होते. मी म्हटले, "पंगतीत जिलबी, श्रीखंड, बासुंदी सगळं वाढलंस, वरणभात कुठाय?" तो जरा रुसला. पण आठ दिवसांनी त्याचा फोन आला, की सगळे पुसून टाकले आहे आणि आता पाचच वाटांत, जुन्या यंत्राचे नियम पाळून करणार आहे. त्यासाठी 'ट्रॅकर' नावाची संगणकावरची सोय असते. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने पहिल्यांदा ती रूढ केली. पडद्यावर वरून खाली सरकणारा तक्ता, प्रत्येक वाटेचा एक स्तंभ, प्रत्येक ओळीत स्वराचे अक्षर आणि आकडे. मी तो पाहिला तेव्हा भातखंड्यांची स्वरलिपी कुणी उभी करून ठेवली आहे असेच वाटले. सोळा ओळींचा गट आणि दर चार ओळींनंतर ठळक रेघ. त्रितालच तो! सोळा मात्रा, चार विभाग. जपानी यंत्र, जर्मन तक्ता आणि आत त्रिताल, हे पाहून मला जे काही वाटले ते लिहून दाखवता येत नाही.

मग आम्ही एक प्रयोग केला. त्याची चाल मी पेटीवर बसवली आणि आमच्या ओळखीच्या तबल्याच्या वर्गात लेहरा म्हणून धरली. सर कायदा शिकवत होते. दहा मिनिटांनी थांबून म्हणाले, "आज काहीतरी वेगळंच धरलंय तुम्ही. राग कुठला हो हा?" मी म्हटले, "जपानी." मुले हसली. पण पंचवीस मिनिटे ती चाल चालली आणि कुणालाही वीट आला नाही, हे मी स्वतः अनुभवले. वीट आला तो एकाच ठिकाणी आणि तो मला. शेवटच्या चार मात्रांत. त्रितालाच्या ठेक्यात डग्ग्याचा घुमारा दहाव्या मात्रेपासून नाहीसा होतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. तो परत आला की कानाला कळते, सम जवळ आली. मुलाच्या चालीत खर्जाची ती त्रिकोणी लहर नेमकी तिथे गप्प होती. त्याला हे सांगितले तर म्हणाला, "तिथं मी ढोलासाठी जागा सोडलीय, बाबा." यावर आमचे तीन आठवडे वाद चालले आहेत.

मध्यंतरी त्याच्या त्या मित्राने वेगळाच पर्याय काढला. हल्ली संगणकाला एक ओळ लिहून दिली, 'जुन्या व्हिडिओ गेमच्या धर्तीचे, उत्साही, दीड मिनिट', की तो क्षणात तयार संगीत पुढ्यात टाकतो. मित्राने तसे चार तुकडे काढून पाठवले आणि लिहिले, यातला एखादा घे, कशाला रात्री जागवतोस? मुलाने ते मला ऐकवले. वाईट नव्हते, खोटे कशाला बोलू. थरथर होती, प्रतिध्वनी होता, सगळा मसाला जागच्या जागी होता. पण चारांतल्या एकाचेही शेपूट तोंडात जात नव्हते. आणि दुसऱ्या तुकड्यात एका ठिकाणी कोमल निषाद लागला होता, फार सुंदर. मी सवयीने विचारून गेलो, "हा इथं का घेतलास रे?" मग लक्षात आले की विचारायला समोर कुणी नाही. कोंदोंना विचारता येते, त्यांनी पहिली चाल का टाकली हे ते सांगतात. माझ्या मुलाला विचारले तर तो तीन आठवडे भांडतो. मला भांडायला माणूस हवा. त्याच्या मित्राचा वेळ वाचेल हे खरे, पैसेही वाचतील, आणि उद्या असले छोटे खेळ करणारे बहुतेक जण हाच रस्ता धरतील असे मला दिसते. त्यांना दोष कसा देऊ? मीच एकदा बटण शून्यावर न्यायला लावले होते, तेव्हा आत कुणी माणूस आहे का, हे मी तरी कुठे पाहिले होते?

तरी एक गोष्ट घडली आहे आणि तिने बरे वाटते. मानामी मात्सुमाए यांचे नाव २०१४ साली 'शॉव्हेल नाइट' या खेळाच्या यादीत आले. हा खेळ नव्या पिढीने मुद्दाम जुन्या फॅमिकॉमच्या धर्तीवर केला. त्याचे संगीत जेक कॉफमन या अमेरिकी संगीतकाराचे, आणि ज्या 'मेगा मॅन'वर ही मंडळी वाढली त्याच्या रचनाकार म्हणून मात्सुमाए यांना बोलावून त्यांच्याकडून दोन रचना करून घेतल्या. यादीत त्यांचे खरे नाव आहे, विनोद नाही. आणि २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत कोंदो यांची ती मारिओची चाल घातली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तिथे मिळालेली ही पहिली जागा. भिंतीपलीकडचे ते केकाटणे आता एका राष्ट्राच्या ठेव्यात आहे. आमच्या घरात ते फुकट येत होते.

मित्राचे ते चार तुकडे मुलाने परत पाठवले. मित्रानेही फार ताणले नाही, उलट खेळाच्या शेवटच्या यादीत संगीतकार म्हणून काय नाव लिहू, असे विचारले. जुन्या परंपरेला जागून काहीतरी गमतीचे टोपणनाव घ्यावे असे चिरंजीवांच्या मनात होते. मी फोनवर ओरडलो. १९९४नंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने ओरडलो असेन. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळे लिही म्हणून सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "मग लेहऱ्याच्या साथीला तुमचंही नाव घालतो."

मी म्हटले, "आधी ती चौदावी मात्रा नीट कर."

ती अजून झालेली नाही. खर्ज चालू ठेवायचा की ढोलाला जागा द्यायची, याचा निकाल लागायचा आहे. येत्या शनिवारी तो सांगलीला येतो आहे, आणि तबल्याच्या सरांनाही मी चहाला बोलावून ठेवले आहे.